चाकांवरचं घर गुंजवण्याला आलं तर

राजगड चोर दरवाजाने चढायचा तर सुरुवात गुंजवण्यातून होते. नसरापूरला हमरस्ता सोडायचा, मार्गासनीवरून साखर गाठायचं आणि तिथून खाचरांच्या कडेकडेने गडाच्या पायथ्याशी यायचं. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात, पण भात तेच, पाऊस तोच. बदललंय ते उतारावरचं दृश्य. पुण्याच्या पश्चिमेच्या या सगळ्याच खोऱ्यांत कुठे जुना मालवाहू कंटेनर रंगवून ठेवलेला दिसतो, कुठे पोर्टा केबिन, कुठे लोखंडी सांगाड्यावरची पत्र्याची खोली. शहरातल्या माणसाला शनिवार-रविवारपुरती जागा हवी असते आणि बांधकामाची दगदग नको असते. परदेशातली ट्रेलरवरची चिमुकली घरं त्याने मोबाइलवर पाहिलेली असतात. मग तो विचारतो, वीस फुटी ट्रेलरवर घर बांधून घेतलं आणि ते गुंजवण्याला ओढून आणलं, तर जमेल का?

प्रश्न मनापासूनचा आहे आणि त्याला तसंच उत्तर द्यायला हवं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत राजगड आहे. पायथ्याच्या गावांत मुक्कामाची जागा मागणारे यापुढे वाढणारच. सिमेंटचे बंगले उठण्यापेक्षा लहान, हलकी, उद्या उचलून नेता येतील अशी घरं आली तर खोऱ्यावरचा भार कमी होईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. मलाही तसंच वाटत होतं. कायदा, मोजमाप, पाऊस आणि रस्ता असे चार हिशेब मांडल्यावर मात्र मत बदललं.

आधी हे घर आलं कुठून ते पाहू. अमेरिकेत जे शेफर यांनी १९९९ मध्ये ट्रेलरवर शंभर चौरस फुटांच्या आतलं एक घर बांधलं आणि पुढे त्या घरांची लाटच आली. घराला चाकं का लावली, हे समजून घेण्यासारखं आहे. तिथल्या गावोगावच्या नियमांत घर किमान अमुक एवढं मोठं हवं अशी अट असे. जमिनीवर इतकं लहान घर बांधायला परवानगी मिळत नसे. ट्रेलरवर बांधलं की ते कागदोपत्री वाहन ठरे आणि बांधकामाचे नियम लागू होत नसत. म्हणजे चाकं आली ती तिथल्या कायद्याला बगल देण्यासाठी. बहुतेक घरं एकदा उभी राहिली की वर्षानुवर्षं जागची हलत नाहीत. २०१८ च्या आदर्श निवासी संहितेत तिथे एक परिशिष्ट जोडलं गेलं. माळा सोडून ४०० चौरस फुटांपर्यंतचं घर म्हणजे ‘टायनी हाऊस’, अशी व्याख्या त्यात झाली. त्यासाठी जिन्याचे आणि माळ्याच्या उंचीचे वेगळे नियमही ठरले. कायदाच बदलल्यावर चाकांची गरज तिथेही थोडी कमी झाली.

आपल्याकडे ही बगल चालत नाही. ‘पाया नाही म्हणजे परवानगी नको’ हे वाक्य फार्महाऊस विकणारे सर्रास बोलतात. ते ऐकून कुणी पैसे गुंतवू नयेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्यातल्या ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत बांधकाम तर येतंच, शिवाय जमिनीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही येतो. खाचराच्या जागी राहण्याची खोली आली की वापर बदलला, मग ती खोली विटांची असो की चाकांवरची. राष्ट्रीय बांधकाम संहितेतही इमारत म्हणजे कोणत्याही साहित्याची आणि कोणत्याही कामासाठी केलेली रचना. तात्पुरत्या समारंभापुरते तंबू-शामियाने तेवढे वगळले आहेत. भोर-वेल्ह्याचा काही भाग पुणे महानगर प्राधिकरणाच्या हद्दीत आहे, तिथे परवानगीचं दार आणखी एक. शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, ही कुळकायद्याची अट आहेच. जो स्वतः शेतकरी आहे, त्याला जमीन महसूल संहितेच्या चौकटीत शेतघर बांधता येतं, आणि तसं शेतघर बांधायला चाकं लागत नाहीत.

दुसरा कायदा रस्त्याचा. ओढून नेण्याजोगा ट्रेलर हे मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी, त्याला मान्यता वेगळी. अशा मान्यतेच्या चाचण्या करणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था, एआरएआय, आपल्या पुण्यातल्या कोथरूडच्या टेकडीवर आहे. गावातल्या वेल्डरकडून सांगाडा जोडून घेतला आणि जीपला अडकवला, असं चालत नाही. ते योग्यच आहे, कारण घाटात ब्रेक नसलेला तीन-चार टनांचा ट्रेलर पुढच्या गाडीला ढकलत नेतो. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण त्याच्या मनातली गाडी पर्यटकाची फिरती गाडी आहे, एका जागी रुजलेलं घर नव्हे.

आता मोजमाप. या भागाने मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं.

रस्त्याचा नियम सांगतो की वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त नको. घराचा नियम, म्हणजे बांधकाम संहिता, सांगतो की राहण्याची खोली ९.५ चौरस मीटरपेक्षा लहान नको आणि तिची रुंदी २.४ मीटरपेक्षा कमी नको. बाहेरून जास्तीत जास्त २.६, आतून कमीत कमी २.४. दोन्ही भिंतींना मिळून उरले २० सेंटिमीटर, एका भिंतीला १०. ट्रेलरवरच्या घराची सगळी कारागिरी या दहा सेंटिमीटरांत आहे. विटेची भिंत त्यात बसत नाही. लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा, मध्ये ५० मिलिमीटरचं पफ पॅनल, आतून प्लायवूड, बाहेरून पत्रा, एवढं बसतं. आणि बसतं ते मोजूनमापून. आतल्या प्लायवर हौसेने दगडी टाइल लावायला गेलं की रुंदी गेली.

उंचीचं गणित आणखी अवघड. रस्त्यावर एकूण उंची चार मीटरच्या आसपास ठेवावी लागते आणि त्यातले सत्तर-ऐंशी सेंटिमीटर चाकं आणि चासीच खातात. उरले सव्वातीन मीटर. संहितेप्रमाणे आतली उंची पावणेतीन मीटर ठेवली तर वर छप्पर जेमतेम बसतं, माळा निघत नाही. माळा काढला तर खाली डोकं आपटतं आणि वर बसताही येत नाही, फक्त सरपटत जाऊन झोपता येतं. परदेशी चित्रांत तो माळा फार मोहक दिसतो. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या पत्र्याखाली हातभर अंतरावर झोपून पाहावं, मग कळतं. माझा कौल माळ्याच्या विरोधात आहे. त्यापेक्षा भिंतीतून उघडणारा बाक, त्याखाली सामानाचे कप्पे आणि रात्री त्यावरच अंथरूण, हे बरं.

सहा मीटर लांबी धरली तर आतली जागा साधारण १४ चौरस मीटर. खोलीला साडेनऊ गेले. न्हाणी आणि संडास एकत्र केले तरी संहितेप्रमाणे २.८ लागतात. स्वयंपाकाला उरतात दोन चौरस मीटरही नाहीत. म्हणजे चूल बाहेर जाणार, आणि बाहेर म्हणजे पडवीत. पडवी ट्रेलरवर मावत नाही, ती जागेवर आल्यावर जोडावी लागते. ही पडवीच या घराचा प्राण आहे.

दीडशे-पावणेदोनशे चौरस फूट मराठी माणसाला नवीन नाहीत. मुंबईतल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उठल्या आणि त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. वीस फूट लांब, आठ फूट रुंद ट्रेलर म्हणजेही बरोबर १६०. त्या खोलीत गिरणी कामगारांची आठ-आठ, दहा-दहा माणसांची कुटुंबं शंभर वर्षं राहिली. पण ती राहू शकली ती चाळीचा पॅसेज, जिना, गच्ची, खालचं मैदान आणि शेजाऱ्याचं उघडं दार यांच्या जोरावर. त्या माणसांनी सोसलंही खूप, सामायिक संडासाची रांग हा त्यातला मोठा भाग. पुनर्विकासात त्यांना ५०० चौरस फुटांचं घर देण्याचं ठरलं, ते उगीच नाही. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुलही किमान २५ चौरस मीटरचं असतं. लहान घरात राहणं हौसेचं तेव्हाच असतं, जेव्हा माणसाचं मोठं घर दुसरीकडे असतं किंवा घराबाहेर मोकळी, हक्काची जागा असते. हे विसरून केलेला आराखडा फसतो.

गुंजवण्यात बाहेरची जागा भरपूर आहे, पण चार महिने ती पावसाची आहे. पुणे शहरात वर्षभरात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीच्या अंगाला असलेल्या या पट्ट्यात त्याच्या कितीतरी पट. पंधरा चौरस मीटरच्या छपरावर एका दिवसात शंभर मिलिमीटर पडला तर दीड हजार लिटर पाणी उतरतं. ते सरळ खाली उतरलं तर ठीक, पण इथला पाऊस आडवा येतो. म्हणून मावळातल्या जुन्या घरांचं छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढे येतं आणि पावसाळ्याआधी पश्चिमेच्या बाजूला गवताच्या झडी बांधतात. ट्रेलरच्या घराला वळचणच नसते, कारण २.६ मीटरच्या बाहेर काहीच काढता येत नाही. वळचणीशिवाय सह्याद्रीत घर, म्हणजे इरलं न घेता लावणीला जाणं. दाराच्या फटी, खिडकीच्या चौकटी, सांध्यातलं सिलिकॉन सगळं दोन पावसाळ्यांत उघडं पडतं. आत श्वासाचा आणि चहाच्या आधणाचा ओलावा साठतो, गाद्यांना बुरशी येते. उपाय आहे: ट्रेलर जागी आला की त्यावर वेगळं, स्वतंत्र खांबांवर उभं राहणारं मोठं छप्पर घालायचं आणि त्याखाली पडवीही मिळवायची. पण एकदा खांब पुरले, छप्पर घातलं, की चाकांचा अर्थ किती उरला?

वारा हा विषय तर आराखड्यात बहुतेक कुणी घेतच नाही. पुण्याच्या परिसरासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. एवढ्या वाऱ्यात एका चौरस मीटरवर नव्वद किलोच्या आसपास दाब येतो. ट्रेलरघराची लांब बाजू सहा बाय सव्वातीन, म्हणजे साडेएकोणीस चौरस मीटर. एकूण रेटा पावणेदोन टनांचा. तो येतो जमिनीपासून सव्वादोन-अडीच मीटरवर, आणि खाली चाकांमधलं अंतर दोन-सव्वादोन मीटर. साडेतीन टनांचं घर या हिशेबात जेमतेम उभं राहतं किंवा कलंडतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ कोकणातून वर चढलं तेव्हा पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात घराघरांचे पत्रे उडाले, हे इथल्या लोकांना सांगावं लागत नाही. म्हणून घर चाकांवर उभं ठेवूच नये. जॅक लावून चारही कोपरे दगडी किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर टेकवावेत आणि चासी चारी बाजूंनी जमिनीत गाडलेल्या नांगरांना लोखंडी पट्ट्यांनी बांधावी. ज्याला हे करायचं नाही, त्याने ट्रेलर या खोऱ्यात आणू नये.

सांडपाण्याचंही बोललं पाहिजे. भातखाचरांच्या शेजारी पावसाळ्यात पाणी हातभर खोलीवर असतं. तिथे शोषखड्डा शोषत नाही, उलट भरतो आणि मैला ओढ्यात जातो. तो ओढा गुंजवणी नदीला मिळतो आणि गुंजवणी नीरेला. खालच्या गावांच्या विहिरी याच पाण्यावर आहेत. जागा निवडताना खाचर सोडून वरची वरकस जमीन घ्यावी, टाकी बंद असावी, झऱ्यापासून दूर असावी. यात तडजोड नको.

वरकस जमीन घ्यायची म्हटलं की चौथा हिशेब समोर येतो, आणि माझं मत फिरवलं ते याच हिशेबाने. वरकस म्हणजे उतार. सहा मीटरचा ट्रेलर आणि पुढे ओढणारं वाहन उतारावर न्यायचं तर किमान साडेतीन मीटर रुंद कच्चा रस्ता हवा, वळणावर त्याहून रुंद. डांबरी रस्त्यापासून जागा फक्त साठ मीटर आत असली तरी रस्त्याचं क्षेत्रफळ झालं २१० चौरस मीटर. घर १५ चौरस मीटरचं आणि त्याच्यासाठी त्याच्या चौदापट डोंगर जेसीबीने कापायचा! घराचा भार जमिनीवर हलका पडावा म्हणून चाकं लावली, आणि चाकांनीच डोंगराला जखम केली. ३० जुलै २०१४ ला याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. १९ जुलै २०२३ ला रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडी गेली. प्रत्येक दरडीचं कारण रस्ताच असतो असं नाही. पण पाणी मुरलेल्या उतारावर आडवा छेद घेण्याआधी ज्याचा हात थांबत नाही, त्याला सह्याद्रीत घर बांधायचा अधिकार नाही, असं मी स्पष्ट म्हणेन.

मग इथे हलतं घर असूच नये का? असावं, आणि ते इथे पूर्वीपासून आहे. फक्त त्याला चाकं नव्हती. मेंढपाळ धनगरांच्या फिरत्या बिऱ्हाडाला ‘वाडा’ म्हणतात, आणि तो वाडा घोड्यांच्या पाठीवर मावतो: घोंगड्या, भांडी, मेंढ्यांभोवती लावायची वाघर, अंड्यावर बसलेली कोंबडी आणि कडेवरचं पोर. लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवरचं इरलं हे तर एका माणसाचं छप्परच. मराठ्यांची राहुटी हलकी आणि चटकन उठणारी, म्हणून फौजही चटकन हलायची. १७०४ च्या फेब्रुवारीत राजगड औरंगजेबाच्या हाती गेला, त्या वेढ्यासाठी आलेली बादशाही छावणी म्हणजे चालतं शहर होतं. तिला रस्ते, बैल, हत्ती आणि महिनोन्महिन्यांची रसद लागे. घर वाहून न्यायच्या या दोन रीती या खोऱ्याने एकाच वेळी पाहिल्या. डोंगराला मानवते ती पहिली.

म्हणून गुंजवण्यात ज्याला लहान घर हवंच आहे, त्याला माझा सल्ला सुट्या घराचा आहे. प्रत्येक तुकडा दोन माणसांना पायवाटेने उचलून नेता येईल असा. बांबूची किंवा हलक्या लोखंडाची चौकट, नटबोल्टने जोडलेली, दगडी जोत्यांवर टेकवलेली, वर चारही बाजूंनी मीटरभर पुढे आलेलं छप्पर, पश्चिमेला झडी. खोली दहा बाय बारा फुटांची आणि पडवी तेवढीच. रुंदीला २.६ मीटरचं बंधन नाही, उंचीला चारचं नाही. उद्या जागा सोडायची झाली तर घर उतरवायचं, दगड तिथेच ठेवायचे. घर उतरवून वासे-दारं दुसऱ्या गावी नेणं धरणांखाली गेलेल्या गावांना नवीन नव्हतं. परवानगी याही घराला लागेल, ती रीतसर घ्यावी. गावातल्या सुताराकडून आणि गवंड्याकडून काम करून घ्यावं, म्हणजे दुरुस्तीही गावातच होईल.

पण मग ट्रेलरवरचं घर आपल्याकडे निरुपयोगी आहे का? तसं अजिबात नाही. त्याची खरी जागा याच खोऱ्याच्या खालच्या अंगाला आहे.

भोर तालुक्यात अनंतनगर निगडे इथे राजगड सहकारी साखर कारखाना आहे. कारखान्यांचे हंगाम चालतात तेव्हा राज्यभर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, बीड जिल्ह्यातून सर्वांत जास्त. दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धान्याची पोती, पाण्याची पिंपं, शेळी, कोंबड्या आणि त्यावर बसलेली पोरं घेऊन निघायचं, ते मार्च-एप्रिलपर्यंत. नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, आणि मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती कोयत्यावर. राहायला कोपी. बांबूच्या कामट्या वाकवायच्या, त्यावर पाचट किंवा ताडपत्री टाकायची. आत शिरायचं तर वाकून. तिथेच चूल, तिथेच झोप, बाळंतपणसुद्धा. बैलगाडीने ऊस वाहणारे गाडी सेंटरवाले कारखान्याजवळच्या तळावर राहतात. डोक्यावरून मोळ्या वाहणारे डोकी सेंटरवाले फड संपला की कोपी मोडून पुढच्या गावी. बहुतेक तळांवर बाईला न्हाणीचं दार नसतं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या दुखण्यात उघड्यावरच्या न्हाणीचा आणि संडासाचा वाटा आहे, हे मान्य करायला तज्ज्ञ लागत नाही.

आता वरचे हिशेब इथे लावून पाहा. जमीन सपाट आणि तळ रस्त्याच्या कडेला. ट्रॅक्टर आधीपासूनच येतोय, ट्रॉली ओढायची सवय आहे. मुक्काम खरोखरच हलतो, म्हणजे चाकांना काम आहे. हंगाम हिवाळ्या-उन्हाळ्याचा, म्हणून वळचणीची अडचण नाही. वर पाचटाचा थर टाकला तर पत्रा तापतही नाही. वीस फुटी ट्रेलरवर एका टोकाला आतून कडी लागणारी न्हाणी आणि संडास, त्यावर पाण्याची टाकी, मध्ये कुलूप लागणारे धान्याचे कप्पे, दुसऱ्या टोकाला पोरांना झोपायची बंद जागा, छपरावर दिव्यापुरतं सौर पॅनल. बाजूचा पत्रा वर उचलला की पडवी. माणसं त्याला लागून आपली कोपीही घालतील, घालू द्यावी. पाच-सहा कुटुंबांमागे असा एक ट्रेलर असला तरी पुष्कळ होईल.

पैशाचं दारही बंद नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, आणि त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे असं ठरलं आहे. मुलांसाठी वसतिगृहांची योजना त्यातून पुढे आली, ती चांगलीच आहे. पण आईबाप अजून कोपीत वाकूनच शिरतात.

पुण्यात स्थापत्य आणि वास्तुकला शिकवणारी महाविद्यालयं आहेत, वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था आहे, ट्रॉल्या बांधणारे कारखाने आहेत. ट्रेलरवरचं घर आखायची ज्यांना हौस आहे, त्यांना एकच विनंती. राजगडाच्या पायथ्याची जागा पाहायला निघण्याआधी, दिवाळीनंतर, मोजपट्टी आणि वही घेऊन ऊसतोडीच्या एखाद्या तळावर जा. तिथल्या बायकांशी बोला. न्हाणी कुठे हवी, कडी कोणत्या बाजूला हवी, पाणी कुठून येतं, रात्री पोरं कुठे झोपतात हे त्यांना विचारा. आणि आराखड्याची पहिली रेघ मारण्याआधी कोपीच्या दाराची उंची मोजा.